दसऱ्याच्या टेबलावरची कात

आमच्या शाळेत एका किड्याच्या मरणावरून एका माणसाची नोकरी जायची पाळी आली होती. किड्याला जाऊन कोट्यवधी वर्षं उलटली होती. माणूस जिवंत होता, त्याला बायको आणि दोन मुलं होती. शाळेच्या समितीला काळजी किड्याची होती.

हे पत्रकासारखं वाटेल. वाटू दे. मी लिहायला शिकलो तो पत्रकं लिहूनच. मांडवीच्या वाटेवर एका छापखान्यात पायाने चालवायचं यंत्र होतं. त्याच्या मालकाला माझे विचार पसंत नव्हते, पण माझं अक्षर पसंत होतं. त्या वर्षांत रत्नागिरीत देवळात कुणी शिरायचं, विहिरीवर कुणी जायचं, शाळेत कुणी कुणाशेजारी बसायचं यावर सारख्या सभा होत, आणि सभेला पत्रक लागे. मी मॅट्रिक झालो होतो आणि नोकरी शोधतोय असं घरी सांगत होतो. वडील कचेरीत कारकून होते. त्यांनी माझ्या शोधावर विश्वास ठेवणं केव्हाच सोडलं होतं.

ज्या माणसाची नोकरी जायची होती ते माझे मास्तर. मला शास्त्र त्यांनी शिकवलं. इतकी वर्षं शिकवून ते अजून हंगामीच होते. दर जूनला त्यांची नव्याने नेमणूक व्हायची, जणू मागचा मास्तर पावसाळ्यात वाहून गेला आणि हा नवाच कुणी आला. त्या वर्षी मात्र समितीने तोंडी कबूल केलं होतं की दसऱ्यानंतरच्या बैठकीत त्यांना कायम करायचं. मास्तरांनी घरी सांगून टाकलं होतं. त्यांच्या पत्नीने परसात नारळाची रोपं लावली होती. हंगामी माणूस नारळ लावत नाही.

आता किड्याचं सांगतो.

बंदराच्या कामावरच्या एका गोऱ्या इंजिनिअरची बदली झाली तेव्हा त्याच्या बंगल्यावर सामानाचा लिलाव झाला. लोक खुर्च्या आणि कंदील घ्यायला गेले. मास्तरांनी एक खण आणला. नुसता खण, टेबल दुसऱ्याच कुणी नेलं. खणात कापसावर दगड मांडलेले होते. सगळ्यांत मोठा अंगठ्याएवढा. काळपट दगडावर उठलेला प्राणी, मधे एक उभा उंचवटा, दोन बाजूंना दोन पाळ्या, आणि आडव्या वळ्याच वळ्या. ट्रायलोबाइट. मुलं त्याला दगडी झुरळ म्हणत. मास्तर त्यावर रागवत नसत. "झुरळाच्या भावकीतलाच आहे," म्हणत. "झुरळ, विंचू, कोळंबी, कुर्ली, ज्यांच्या पायांना सांधे आहेत त्या सगळ्यांचा फार जुना भाऊबंद. हा होता तेव्हा मासेसुद्धा धड झालेले नव्हते."

त्याच्या शेजारी लहान दगड होते. एकावर वालाच्या दाण्याएवढा, एकावर तांदळाएवढा, आणि एकावर खसखशीएवढा ठिपका. तो भिंगाखाली धरला की त्याला डोकं आणि शेपूट दिसे, मधे काही नाही. मास्तर सांगत की पूर्वी विलायतेतल्या पंडितांनी या प्रत्येकाला वेगळा प्राणी समजून वेगळं नाव ठेवलं होतं. मग कुणीतरी चिवट माणसाने ते लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावले आणि त्याला दिसलं की हा एकच आहे. याचं कवच वाढत नाही. आतलं अंग वाढलं की कवच आवळतं, ते टाकावं लागतं, नवं येईपर्यंत उघड्याने राहावं लागतं. लहानपणी दर खेपेला मधे एखादी वळी वाढते. असं करत करत ठिपक्याचा अंगठा होतो.

मॅट्रिक होऊनही मी त्यांच्या वर्गात मागे जाऊन बसे; ते ऐकून जागेवरून उठलोच. "मास्तर, एकच प्राणी, आणि वयाच्या पायरीगणिक वेगळी जात! मथळा तयार आहे."

"हा किडा आहे," मास्तर म्हणाले. "त्याला सभेला नेऊ नकोस."

आता शाळेचं सांगायला हवं. सरकारी हुकमाने गावाबाहेरच्या वाडीतली, अस्पृश्य म्हणून बाजूला ठेवलेली काही मुलं आमच्या शाळेत येऊ लागली होती. ग्रँट मिळते म्हणून समितीने त्यांना घेतलं होतं. घेतलं म्हणजे दारापर्यंत घेतलं. एक शिक्षक त्यांच्या वह्या टेबलाच्या कडेवर ठेवायला लावी आणि पट्टीने ओढून घेई. दुसरा त्यांना प्रश्नच विचारत नसे, म्हणजे उत्तर ऐकावं लागत नाही. मास्तरांच्या खोलीत मात्र दगड हातातून हातात जाई आणि हातांची चौकशी होत नसे. मास्तर सुधारक नव्हते. सभेला मी बोलावलं की त्यांचं डोकं दुखे. त्यांना फक्त सगळ्या मुलांनी दगड बघायला हवा होता, आणि दगड लांबून दिसत नाही, हे त्याचं कारण.

दसऱ्याला शाळेत सरस्वतीपूजन असे. पाटीवर सरस्वती काढायची, पुढे पुस्तकं मांडायची. त्या वर्षी मास्तरांनी शास्त्राच्या वस्तूही मांडल्या: लोहचुंबक, लोलक, तराजू, आणि तो अंगठ्याएवढा दगड. वाडीतल्या एका मुलाने दगडाला कुंकू लावलं, वर झेंडू ठेवला. समितीचे अध्यक्ष पूजेला आले. ते वकील होते, पगडी घालत, आणि नमस्कार करताना डोळे मिटत. त्यांनी टेबलासमोर उभं राहून, डोळे मिटून, मनापासून नमस्कार केला. डोळे उघडले तर समोर दगड.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

कुंकू लावणारा मुलगा चटकन उभा राहिला. उत्तर येत होतं, आणि पहिल्यांदाच त्याला एवढ्या मोठ्या माणसाने प्रश्न विचारला होता. "मेलेला प्राणी आहे, साहेब," तो ठणठणीत आवाजात म्हणाला. "फार जुना."

सगळा घोटाळा इथे झाला. अध्यक्ष नमस्कार करून बसले होते. केलेला नमस्कार परत घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे खुलासा मागण्यात आला. पूजेच्या मांडणीत प्रेत का ठेवलं. खोलीची शुद्धी कुणी करायची. आणि याचा निकाल लागेपर्यंत कायम करण्याचा विषय स्थगित. मास्तरांनी तो कागद मला दाखवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "प्रेत हा शब्द शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे."

मी त्यांचं पुढचं ऐकायला थांबलो नाही. तडक छापखान्यात गेलो.

पत्रकाचा मथळा होता 'शाळेचे सुतक'. खाली मजकूर असा की, कळविण्यास अत्यंत दुःख होते की आमच्या शाळेत वस्तीस असलेले एक वयोवृद्ध गृहस्थ निधन पावले आहेत; वय, कोट्यवधी वर्षे; जात, अज्ञात; अध्यक्षसाहेबांनी अंत्यदर्शन घेतले; तरी आप्तेष्टांनी यथाशास्त्र सुतक पाळावे. छापखान्याचा मालक अक्षरांचे खिळे जुळवताना हसला नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पत्रक चांगलं होतं. मी आजही तेच म्हणेन. पण ते वाचणारं गाव रत्नागिरी होतं, आणि रत्नागिरीत मयताची बातमी कुणी गमतीने वाचत नाही. दुसऱ्या दिवशी निम्मे वर्ग रिकामे. सुतकातल्या शाळेत पोरं कशी धाडायची? एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत माझ्या वडिलांकडे आले आणि पडवीत बसून त्यांनी विचारलं, "गेले ते आपल्यापैकी कोण होते हो? आम्हाला तीन दिवसांचं की दहा?"

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. "ह्याला विचारा," म्हणाले. "ह्याच्या ओळखीचे होते."

मास्तर मात्र खरोखर चिडले. त्यांना चिडलेलं मी तोवर बघितलं नव्हतं. खोलीत शिरलो तर त्यांनी पत्रक टेबलावर आपटलं.

"तू मयताची पत्रिका छापलीस."

"उपहास आहे, मास्तर."

"उपहास असेल. पण हा मेलेलाच नाही! म्हणजे मेला असणार, कधीतरी, कुठेतरी. पण इथे नाही. इकडे ये." त्यांनी दगड भिंगाखाली धरला. "डोकं बघ. ह्याच्या डोक्याला दोन्ही बाजूंना गाल असतात, सुटे गाल. मधे शिवण. कवच टाकायची वेळ आली की ती शिवण उसवते, गाल बाजूला पडतात आणि हा पुढून बाहेर सरकतो. मेलेल्याचे गाल बहुधा जागच्या जागी सापडतात. ह्याचे दोन्ही नाहीत. एक हा बघ, कडेला, उलटा पडलाय. कळलं? हे प्रेत नव्हे. कात आहे. हा कात टाकून निघून गेला."

"खात्री आहे?"

"रुपयात बारा आणे."

मला ते पटलं, पण आवडलं नाही. मी म्हटलं, "मास्तर, हे समितीपुढे बोलू नका. हे प्रेत नाही म्हणालात की प्रेत असतं तर विटाळ झाला असता हे आपण कबूल केलं. त्यांच्या अंगणात जाऊन खेळल्यासारखं होईल. आपण म्हणायचं, प्रेत आहे, मग? तुमच्या देवघरातला शंख कुणाचं हाड आहे? पोवळं कशाचं आहे? मोती कुणाच्या पोटातला?"

"तुझं सगळं बरोबर असेल," मास्तर म्हणाले. "पण तुझ्या तत्त्वासाठी मी सुखरूप निसटलेला प्राणी मारू काय?"

घरी जाऊन मी राग शंखावर काढला. जेवायच्या वेळी देवघरातला शंख उचलून वडिलांसमोर धरला आणि विचारलं, "हे कुणाचं घर आहे सांगा."

"माझं," वडील म्हणाले. "म्हणून तू इथे जेवतोस. बस."

आई म्हणाली, "शंखाला हात लावायचा तर आंघोळ करून लाव." शंखातल्या प्राण्याचं काय झालं असावं, याबद्दल घरात कुणालाच काही वाटलं नाही.

मास्तरांनी ठरवलं की समितीला कात म्हणजे काय ते प्रत्यक्ष दाखवायचं. सापाची कात सगळ्यांना माहीत असते, पण सापाची कात नुसतं कातडं. ती बघून कुणाला साप आठवत नाही. हवी होती अशी कात, जी अख्खा प्राणीच वाटेल. ती कुर्लीची, म्हणजे खेकड्याची.

शाळेच्या मागे गुरांना पाणी पाजायची जांभ्या दगडाची एक जुनी डोण होती. मास्तरांनी ती घासून घेतली. मी मांडवीवरून रॉकेलच्या डब्यांतून समुद्राचं पाणी वाहायचं ठरलं. पत्रक काढल्याबद्दलची ही शिक्षा होती, असं मास्तर म्हणाले नाहीत. पण डबे दोन्ही हातांत मलाच दिले. कुर्ल्या राजिवड्याच्या मच्छीमारांतला एक दालदी देई. मास्तर टोपलीतल्या एकेक कुर्लीचे मागचे पाय उजेडात धरून बघत, जुन्या कवचाखाली नव्याची कड दिसते का ते, आणि बाकीच्या कुर्ल्या परत टोपलीत टाकत.

"मास्तर, ह्या कवच टाकायला आलेल्या कशाला काढताय?" तो म्हणाला. "टाकलं की आत काय नाय, नुसतं पाणी. गिऱ्हाईक परत आणून देतात माझ्या तोंडावर."

"मला खायच्या नाहीत," मास्तर म्हणाले.

दालद्याने माझ्याकडे बघितलं. "मग पूजा करायची काय?"

गावात बातमी कुठवर पोचली होती ते त्यावरून समजलं.

पहिली कुर्ली मेली. शाळेच्या शिपायाला डोणीतलं पाणी कमी दिसलं, म्हणून त्याने दयेने विहिरीच्या दोन कळशा ओतल्या. "तहान लागली असेल म्हटलं," तो म्हणाला. त्याला रागावण्यात अर्थ नव्हता. ती मेलेली कुर्ली शनिवार-रविवार तशीच राहिली आणि सोमवारी सगळ्या आवारात वास सुटला. समितीचे एक सभासद त्याच दिवशी कौलांचं काम बघायला आले होते. नाकाला उपरणं लावून ते डोणीवरून गेले, कौलं बघितली, परत गेले. शाळेत खरंखुरं प्रेत पडलं होतं, तेही वासासकट, आणि त्याबद्दल कुणी खुलासा मागितला नाही. ते टेबलावर नव्हतं ना.

दुसरी कुर्ली नीट राहिली. खाणं सोडलं, कोपऱ्यात दगडाला पाठ लावून बसली. बैठक जवळ येत होती. मास्तर दर तासाला वर्ग सोडून डोणीशी जाऊन येत. मुलांना सगळं कळलं होतं. वाडीतला तो कुंकू लावणारा मुलगा काही बोलत नसे. आपल्या एका उत्तरावरून हे सगळं झालं, असं त्याने मनात धरलं होतं. प्रश्न विचारला तर आता मान खाली घाली. मास्तरांनी त्याला एकदाच म्हटलं, "तुझं उत्तर बारा आणे चूक होतं. ते सगळ्यांचंच असतं." त्याला ते समजलं की नाही, मला माहीत नाही.

बैठकीच्या आदल्या सकाळी मी डबे घेऊन गेलो तर डोणीत दोन कुर्ल्या. एक तीच, जागेवरच, नांग्या पसरून. दुसरी तिच्या मागे, तिच्याहून मोठी, फिकी, सुरकुतलेली, ओल्या फडक्यासारखी. मी मास्तरांना हाक मारली. ते धोतराचा सोगा धरून पळत आले आणि डोणीवर वाकले. मग म्हणाले, "एवढ्या मोठ्या अंगाने एवढ्याशा फटीतून बाहेर यायचं. डोळ्यांच्या काड्यासुद्धा सोडवून घ्यायच्या. आणि आपण म्हणतो मुलं वर्षाला एक इयत्ता चढतात." 

बैठक शास्त्राच्या खोलीतच भरली. अध्यक्ष होते, तीन-चार सभासद होते, हेडमास्तर कार्यवृत्त लिहायला होते. धर्माचा प्रश्न म्हणून एका शास्त्रीबुवांना मुद्दाम बोलावलं होतं. मला बोलावलं होतं ते पत्रकाबद्दल माफी मागायला. तो विषय यादीत शेवटचा होता, म्हणून मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

मास्तरांनी ताटलीत ठेवलेली कुर्ली अध्यक्षांपुढे सरकवली.

"मेलेली आहे," अध्यक्ष खुर्ची मागे घेत म्हणाले.

मास्तरांनी बोटाने तिची पाठ उचलली. पाठ झाकणासारखी उघडली. आत काही नव्हतं. मग त्यांनी मातीच्या परळातली फिकी कुर्ली शेजारी ठेवली. ती हळूच हलली.

शास्त्रीबुवा पुढे झुकले. सोवळं-ओवळं विसरून त्यांनी बोट पुढे केलं आणि तिच्या नांगीला लावलं. नांगी वाकली. "अरेच्चा," ते म्हणाले. "मऊ आहे हो, लोण्यासारखी. चावत कशी नाही?"

"चावता येत नाही, बुवा. कवच वाळेपर्यंत तिला काहीच करता येत नाही. आत्ता तिला कुणीही मारावं. म्हणून ती लपते."

मग मास्तरांनी दगड काढला. गाल दाखवले, शिवण दाखवली. कुर्ली मागच्या बाजूने बाहेर पडते आणि हा पुढून पडे, हेही सांगितलं. कुर्ली हे उदाहरण आहे, पुरावा नाही, असं मुद्दाम सांगितलं. एकच प्राणी जन्मभरात कितीतरी काती टाकून जातो, त्यातली शेवटचीच काय ती प्रेत, हे सांगितलं. मी मनात म्हणत होतो, पुरे, पुरे.

शास्त्रीबुवा भिंगातून बघत होते. "मग हा गेला कुठे?"

"पुढे," मास्तर म्हणाले.

"आणि खात्री किती म्हणता?"

मी डोळे मिटले. मास्तर म्हणाले, "रुपयात बारा आणे."

"म्हणजे चार आणे प्रेत!" अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. कोर्टात ते असेच जिंकत असावेत.

शास्त्रीबुवांनी भिंग खाली ठेवलं. "चार आण्यांचं सुतक पाळायची सोय शास्त्रात नाही, वकीलसाहेब," ते म्हणाले. "आणि प्रेत जरी धरलं, तरी आता ही शिळा आहे. शंख, शिंपा, शिळा पाण्याने शुद्ध. कुंकू लागलं असेल तर लागू दे. चांगलं दिसतंय."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, संपलं. माझ्याही मनात आलं की कायम झाले.

अध्यक्षांनी उपरणं सारखं केलं. "ठीक. दगडाचा प्रश्न मिटला. दगडाविषयी आमची तक्रार कधीच नव्हती. प्रश्न शिस्तीचा आहे. शाळेच्या वस्तू कुणीही हाताळाव्यात, पूजेच्या मांडणीला कुणीही हात लावावा, असा पायंडा पडला, तर तो पाडणाऱ्याला कायम करताना विचार करावा लागेल."

परळातली कुर्ली कोपरा शोधत होती.

तेव्हा मला दिसलं की आम्ही इतके दिवस कुणाशी भांडत होतो. प्रेत, विटाळ, शुद्धी हे सगळं ताटलीत पडलं होतं, नांग्यांसकट, हुबेहूब, आणि झाकण उघडून बघितलं तर रिकामं. आतला प्राणी शिस्तीचं नवं कवच घेऊन पुढे सरकून बसला होता. आधीपेक्षा मोठा. पण आत्ताच बाहेर पडलेला. अजून वाळलेला नव्हता.

मी भिंतीपासून पुढे झालो. "कुणीही म्हणजे कोण?"

"तुमचा विषय शेवटी आहे," हेडमास्तर म्हणाले.

"माफी मागतो, विषय आधीच संपवतो. पत्रकात मयत म्हटलं ते चूक होतं. आता सांगा, कुणीही म्हणजे कोण? ब्राह्मणाची मुलं दगडाला हात लावतात, त्यांना कुणीही म्हणतात? की दुसऱ्या कुणाला?"

"तुम्हाला समजलंय," अध्यक्ष म्हणाले.

"मला समजलंय. पण वृत्तात 'कुणीही' लिहिलं तर शाळांच्या इन्स्पेक्टरला समजणार नाही. ग्रँट त्याच्या सहीने येते. अमुक मुलांनी वस्तूला हात लावला म्हणून मास्तरांना कायम करत नाही, एवढं एक वाक्य लिहा. मीच छापून आणतो, पदरच्या खर्चाने. ह्या खेपेला उपहास नाही. जसंच्या तसं."

हेडमास्तरांनी टाक दौतीत बुडवला आणि अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी सभासदांकडे. सभासद कौलांकडे बघू लागले. शास्त्रीबुवा म्हणाले, "लिहायला हरकत काय? म्हणता ते लिहावं." ते भाबडेपणाने म्हणाले की कसं, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. टाकाच्या टोकावरचा थेंब वृत्तावर पडला. तिथे तो डाग अजून असेल.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "विषय तहकूब."

बाहेर आल्यावर मास्तर माझ्यावरच उखडले. मी कुर्लीचं भाषण खराब केलं, असं त्यांचं म्हणणं. "शास्त्रीबुवांना आणखी प्रश्न होते," म्हणाले. "डोळ्यांबद्दल विचारणार होते ते."

विषय आजही तहकूब आहे. मास्तरांना काढलं नाही, कारण का काढलं ते लिहावं लागलं असतं. कायमही केलं नाही, कारण का केलं तेही. दर जूनला त्यांची नव्याने नेमणूक होते. परसातले नारळ डोक्याच्या वर गेले आहेत, त्यांना कुणी हुकूम विचारलेला नाही. त्यांच्या पत्नीने एकदा मला विचारलं, "भाऊजी, हे कायम होतील का हो?" मी पत्रकातलं उत्तर दिलं: लढा चालू राहील. त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि आत निघून गेल्या. बाईंचा राग मला समजतो. लढा दर महिन्याचं सामान भरत नाही.

फिकी कुर्ली आम्ही बैठकीनंतर भाट्याच्या खाडीत नेऊन सोडली. तिची कात कापसावर, खणात, दगडाशेजारी ठेवली आहे. मुलं दोन्ही हातांत घेऊन बघतात.

पुढच्या दसऱ्याला टेबल पुन्हा मांडलं. दगडाच्या वळ्यांत मागच्या वर्षीचं कुंकू तसंच होतं; घासलं तर कड मोडेल म्हणून मास्तरांनी धुतलं नव्हतं. अध्यक्ष आले. या खेपेला त्यांनी नमस्कार करताना डोळे उघडे ठेवले. फुलं वाहताना झेंडूचं एक फूल दगडाच्या दिशेने लांबूनच टाकलं. ते लोहचुंबकावर पडलं. तो वाडीतला मुलगा आता वरच्या वर्गात होता, मिसरूड फुटत होती, मागच्या वर्षीची चड्डी त्याला होत नव्हती. तो पुढे आला, फूल उचललं, दगडावर नीट ठेवलं आणि अध्यक्षांकडे बघत तिथेच उभा राहिला. कुणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं.

कुणी विचारलं नाही. मी खिशातून पेन्सिल काढली. मास्तरांनी लांबूनच मान हलवली, नको म्हणून. ते पत्रक मी काढलं नाही.